इंग्रजीच्या शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी सुरुवातीची संकेतस्थळे कशी तयार झाली

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने मला विचारले आहे की, 1995 नंतरच्या दहा वर्षांत इंग्रजीच्या शिक्षकांनी स्वतः जी संकेतस्थळे उभी केली ती नेमकी कशी तयार होत, त्यात वेळ कशात जात असे, आणि आज आपल्या तालुक्यातील शिक्षकांसाठी व मुलांसाठी साधे संकेतस्थळ करायचे असेल तर त्या कामातले काय घ्यावे. मी 1997 पासून पुण्यात इंग्रजी शिकवता शिकवता अशी पाने लिहीत आले आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देते.

सुरुवात ज्यांनी केली ते बहुतेक जण शिक्षक होते, संगणकाचे व्यावसायिक नव्हते. नोव्हेंबर 1995 मध्ये जपानमधील आइची इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवणाऱ्या चार्ल्स केली आणि लॉरेन्स केली यांनी ‘द इंटरनेट टेसल जर्नल’ हे मासिक केवळ वेबवर सुरू केले (टेसल म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणे). त्यात शिक्षकांसाठी लेख, पाठांचे आराखडे आणि वर्गात विचारायचे संभाषणाचे प्रश्न असत, आणि त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांसाठी स्वाध्यायांचा एक वेगळा विभाग वाढत गेला, ज्यातील प्रश्न जगभरातील शिक्षकांनी पाठवलेले होते. पुढच्याच महिन्यात, डिसेंबर 1995 मध्ये, कॅलिफोर्नियातील डेव्ह स्पर्लिंग यांनी ‘डेव्हज ईएसएल कॅफे’ सुरू केले. वाक्प्रचार, क्रियापदांच्या जोड्या, व्याकरणाच्या शंका आणि नोकरीच्या जाहिराती हे सगळे त्यात एकाच छताखाली होते. 1998 मध्ये रँडल डेव्हिस यांनी केवळ ऐकण्याच्या सरावासाठी संकेतस्थळ केले, ज्यात आधी विषयाची तयारी, मग संवाद ऐकणे, मग प्रश्न आणि शेवटी बोलण्याचा सराव असा क्रम प्रत्येक पाठाला होता. ही तिन्ही कामे दिसायला साधी होती, आणि माझ्या मते तीच त्यांची ताकद होती, कारण पान उघडताच विद्यार्थ्याला काय करायचे आहे ते कळत असे.

आपल्याकडे विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पण विद्यार्थ्यांना परवडणारे जे स्वस्त खाते होते त्यात फक्त मजकूर दिसत असे. ‘लिंक्स’ नावाच्या ब्राउझरमध्ये काळ्या पडद्यावर अक्षरे उमटत आणि चित्राच्या जागी आपण लिहून ठेवलेला पर्यायी मजकूर येई. तो लिहिलेला नसेल तर तिथे केवळ एक निरर्थक शब्द दिसे. त्यामुळे चित्राला पर्यायी मजकूर देणे ही आमच्यासाठी शिष्टाचाराची बाब नव्हती. तो नसेल तर समोरच्या मुलाला पाठच मिळत नसे.

ज्यांच्याकडे चित्रे दाखवणारे खाते होते त्यांच्यासाठी पानाचे वजन मोजावे लागे. 28.8 केबीपीएसचा मोडेम (फोनच्या तारेवरून इंटरनेट आणणारे यंत्र) उत्तम चालला तरी सेकंदाला साधारण साडेतीन केबी एवढेच येई, म्हणजे 60 केबीच्या एका छायाचित्रासाठी मुलाला 17 सेकंद थांबावे लागे, आणि तेवढा वेळ फोनचे बिल चालू असे. आम्ही एका पानाला चित्रांसह 30 केबीची मर्यादा घातली होती आणि ती कसोशीने पाळली. हिरव्यागार फळ्याचे एक सुंदर चित्र मी तीन वेळा कमी रंगांत जतन केले आणि शेवटी काढूनच टाकले, कारण त्या चित्रामुळे एकही शब्द जास्त समजत नव्हता.

आवाजाचा प्रश्न याहून अवघड होता आणि तो बहुतेकांनी चुकीच्या बाजूने सोडवला. सेकंदाला आवाजाचे 8,000 नमुने (म्हणजे मोजमापे) आणि प्रत्येक नमुना 8 बिटचा अशा सर्वांत हलक्या रीतीने ध्वनिमुद्रण केले तरी एका मिनिटाचे 480 केबी होतात, म्हणजे मिनिटभराचा संवाद ऐकण्यासाठी सव्वादोन मिनिटे उतरवून घ्यावा लागे. 1995 मध्ये आलेल्या रिअल ऑडिओने ही अडचण बरीच दूर केली, कारण त्यात आवाज उतरत असतानाच ऐकू येई. पण त्या हलक्या ध्वनिमुद्रणात एक खोट होती, जी भाषा शिकवणाऱ्यालाच जाणवावी. सेकंदाला 8,000 नमुने घेतले की 4,000 हर्ट्झच्या वरचे सगळे ध्वनी गळून पडतात, आणि ‘सिंक’ व ‘थिंक’ यांतला किंवा ‘फ’ व ‘स’ यांतला फरक ज्या सळसळीत असतो ती नेमकी त्याच पट्ट्यात असते. म्हणजे जो फरक ऐकायला मुलाला बसवले, तोच फाइलमधून नाहीसा झालेला असे. आम्ही म्हणून मार्ग उलटा घेतला. लांब संवाद सोडून दिले आणि एकेका शब्दाचे ध्वनिमुद्रण चांगल्या प्रतीत केले. 22,050 नमुन्यांनी घेतलेला एक सेकंदाचा शब्द 22 केबीचा होई आणि सहा सेकंदांत उतरे, एवढा वेळ मुले आनंदाने थांबत. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ ही जोडी देवनागरीत लिहून दाखवता येते, पण ‘व्ह’ वाचून कुणाचेही वरचे दात खालच्या ओठाला लागत नाहीत. तो उच्चार कानानेच शिकावा लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. लोकांना वाटते की त्या काळी वेळ एचटीएमएल, म्हणजे वेबची पाने लिहिण्याची खुणांची भाषा, शिकण्यात जात असेल. तसे नव्हते. नोटपॅडमध्ये पान लिहायला दोन आठवड्यांत येऊ लागले. 1996 मध्ये नेटस्केप 2.0 या ब्राउझरबरोबर जावास्क्रिप्ट, म्हणजे पानालाच उत्तर तपासायला लावणारी आज्ञांची भाषा, आली, आणि दुसऱ्या शिक्षकाच्या पानाचा स्रोत उघडून, त्यातला भाग समजून घेऊन, आपला प्रश्न त्यात बसवणे हे आम्ही सगळ्यांनीच केले. माझे महिने गेले ते एका वेगळ्याच गोष्टीत: मुलाचे उत्तर चुकल्यावर त्याला काय दाखवायचे, हे लिहिण्यात.

एक उदाहरण जवळून दाखवते. ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ हे वाक्य आपली मुले ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ असे करतात. माझ्या पहिल्या स्वाध्यायात चार पूर्ण वाक्ये दिली होती आणि त्यांतले बरोबर वाक्य निवडायचे होते. मुले चुकत, पान ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगे, आणि मग ती उरलेल्या तीन पर्यायांवर एकामागून एक क्लिक करून बरोबर उत्तरापर्यंत पोहोचत. शिकत काहीच नसत. तो प्रश्न पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले की त्या एका वाक्यात दोन स्वतंत्र चुका आहेत. काळाची चूक मराठीतील ‘राहतो’ या वर्तमानकाळातून येते, आणि शब्दाची चूक ‘पासून’ मधून येते, कारण आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दोन दिवसांपासून’ही म्हणतो, तर इंग्रजी पहिल्यासाठी ‘सिन्स’ आणि दुसऱ्यासाठी ‘फॉर’ वापरते. मूल नेमके कुठे अडले ते माझ्या प्रश्नावरून कळतच नव्हते.

मग प्रश्न तोडला. काळ मी आधीच बरोबर देऊन टाकला: ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर, गाळलेली जागा, टू इयर्स’. पर्याय तीनच ठेवले, ‘सिन्स’, ‘फॉर’ आणि ‘फ्रॉम’, कारण हे तिन्ही शब्द मुलाच्या मनात ‘पासून’ या एकाच शब्दाशी बांधलेले असतात. जो ‘सिन्स’ निवडेल त्याला मिळे: ‘दोन वर्षे हा सुरुवातीचा क्षण नाही, तो गेलेला अवधी आहे. सिन्सनंतर सुरुवात कधी झाली ते येते. वाक्य सिन्स 1996 असे करून मोठ्याने वाचा, आणि मग पुन्हा उत्तर द्या.’ जो ‘फ्रॉम’ निवडेल त्याच्यासाठी वेगळा मजकूर होता, कारण त्याची चूक वेगळी होती. त्याने शब्दकोशातला ‘पासून’चा पहिला अर्थ उचललेला होता. त्याला ‘पुण्यापासून मुंबईपर्यंत’ आणि ‘नऊपासून पाचपर्यंत’ अशी दोन टोके असलेली वाक्ये दाखवून ‘फ्रॉम’ कुठे शोभतो ते सांगितले. बरोबर उत्तर देणाऱ्यालाही नुसते ‘शाबास’ न म्हणता एक ओळ दिली, कारण पुष्कळ मुले अंदाजाने बरोबर येतात.

चुकीचे पर्याय कल्पनेने रचू नयेत, हे मी त्यातून शिकले. ते वह्यांतून यावे लागतात. ‘तो मला म्हणाला’ यावरून ‘ही सेड मी’, ‘त्या विषयावर चर्चा केली’ यावरून ‘डिस्कस्ड ऑन’ असे पर्याय ठेवले की मुलाला आपलीच चूक समोर दिसते आणि ते थांबून विचार करते. परदेशी संकेतस्थळांवरचे स्वाध्याय उत्तम होते, पण त्यांतले चुकीचे पर्याय जपानी किंवा स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या चुकांवरून आलेले असत आणि आपल्या मुलांना ते सहज ओळखू येत. पैकीच्या पैकी गुण मिळवून मूल पुन्हा ‘सिन्स टू इयर्स’ लिहीत असे. मराठी बोलणाऱ्यांसाठी वेगळी पाने का हवीत, याचे माझ्याकडे यापेक्षा मोठे कारण नाही.

गाळलेली जागा टाइप करून भरायच्या प्रश्नांत संगणकाचा ताठरपणा आड येई. आमच्याकडच्या एका मुलीने बरोबर शब्द लिहिला आणि सवयीने त्यानंतर एक मोकळी जागा सोडली. पानाने ते चूक ठरवले. तिने तोच शब्द चार वेळा लिहिला, चारही वेळा चूक आला, आणि शेवटी तिने योग्य शब्द बदलून अयोग्य लिहिला. तिच्या मागे उभी राहून मी हे पाहत होते आणि आजही ते आठवले की वाईट वाटते. त्यानंतर प्रत्येक प्रश्नात मोकळ्या जागा, मोठी-लहान अक्षरे आणि ‘डोन्ट’ व ‘डू नॉट’ यांसारखी दोन्ही रूपे स्वीकारण्याची सोय आधी केली. पुढे कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात तयार झालेल्या ‘हॉट पोटॅटोज’ या साधनाने हे काम फारच सोपे केले. त्यात एका जागेसाठी अनेक बरोबर उत्तरे देता येत, प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर स्पष्टीकरण लिहिण्यासाठी चौकट असे, आणि जावास्क्रिप्टची एक ओळही न लिहिता पान तयार होई. ज्यांनी त्या चौकटी रिकाम्या सोडल्या त्यांची पाने मात्र पूर्वीसारखीच ‘चूक, पुन्हा’ म्हणत राहिली.

ही स्पष्टीकरणे मराठीत हवी होती, आणि तिथे आमची खरी दमछाक झाली. तेव्हा देवनागरीचा प्रत्येक टंक (फॉन्ट) आपापली मांडणी वापरत असे. पाहणाऱ्याच्या संगणकावर नेमका तोच टंक नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. उत्तर तपासून जावास्क्रिप्ट जी लहान खिडकी उघडते तिचा टंक तर आपल्याला बदलताच येत नसे, त्यामुळे मराठी स्पष्टीकरण त्या खिडकीत दाखवणे अशक्य होते. आम्ही त्यावर अगदी प्राथमिक उपाय केला. प्रत्येक पर्याय हा एक साधा दुवा केला आणि प्रत्येक दुव्यामागे एक छोटे पान ठेवले, ज्यावर मराठी मजकुराचे सहा-सात केबीचे चित्र असे आणि त्या चित्राचा पर्यायी मजकूर सोप्या इंग्रजीत असे. त्यामुळे लिंक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यालाही काहीतरी मिळे. तीन पर्यायांच्या एका प्रश्नासाठी चार पाने झाली, म्हणजे 40 प्रश्नांसाठी 160, पण ती कुठल्याही संगणकावर चालत.

विंडोज 2000 आणि त्यानंतरच्या एक्सपीपासून युनिकोड देवनागरी (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) सर्वसामान्यांच्या संगणकावर आली, तरी एक्सपीत ती सुविधा सीडी घालून वेगळी सुरू करावी लागे आणि शाळेत ती सीडी कपाटात कुलूपबंद असे. चित्रांतला सगळा मजकूर मी नंतर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. ‘दुसऱ्या’ हा शब्द त्या काळात पुष्कळांना ‘दुसर्या’ असाच टाइप करता येई, कारण त्या अर्ध्या र साठी वेगळे अक्षर घ्यावे लागते हे ठाऊक नव्हते. मुलांना इंग्रजीचे शुद्धलेखन शिकवणाऱ्या पानावर मराठी अशुद्ध असणे मला सहन होत नव्हते, म्हणून मी ते एकेक करून सुधारले. एवढा खटाटोप योग्यच होता, कारण चित्रातला मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि युनिकोडमधला सापडतो. मजकूर बदलल्यावरच अनोळखी गावांतून पत्रे येऊ लागली.

दुव्यांची एक चूक इथे नोंदवते, कारण ती आजही होते. माझी पहिली बारा पाने मी सर्व्हरवर चढवली, स्वतःच्या संगणकावर पाहिली आणि सगळी चित्रे नीट दिसली. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने त्याच्या घरून पाहिले तर एकही चित्र नव्हते. पाने तयार करणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक चित्राचा पत्ता माझ्याच सी ड्राइव्हवरचा लिहून ठेवला होता, त्यामुळे फक्त माझ्या संगणकावर ती सापडत. दुसरी गोष्ट अक्षरांची: विंडोज फाइलच्या नावातल्या मोठ्या-लहान अक्षरांत भेद करत नाही, पण बहुतेक सर्व्हर युनिक्सवर चालत आणि ते करतात. तेव्हापासून सर्व नावे लहान अक्षरांत, पत्ते सापेक्ष (म्हणजे ड्राइव्हचे नाव नसलेले, त्या पानाच्या जागेपासून मोजलेले), आणि तपासणी नेहमी दुसऱ्याच्या संगणकावर, असा नियम केला.

सापेक्ष पत्त्यांचा लाभ पुढे अनपेक्षित ठिकाणी झाला. राज्य सरकारने 2000 मध्ये मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले, आणि ज्यांनी कधी इंग्रजी शिकवले नव्हते अशा शिक्षकांवर ते काम येऊन पडले. त्यांच्या शाळांत कुठे संगणक होता, पण इंटरनेट नव्हते. आम्ही संपूर्ण संकेतस्थळ 1.44 एमबीच्या एका फ्लॉपीवर, म्हणजे फाइली नेण्याच्या तेव्हाच्या छोट्या चकतीवर, बसवून प्रशिक्षण वर्गांना घेऊन जात असू. पहिल्या प्रयत्नात अर्धी जागा शिल्लक असतानाच फ्लॉपी भरल्याचा संदेश आला. कारण फ्लॉपीच्या मुख्य फोल्डरमध्ये 224 पेक्षा अधिक नोंदी बसत नाहीत, आणि चित्रे धरून आमच्या फाइली त्याहून जास्त होत्या. पाठानुसार फोल्डर केले आणि सगळे बसले. दुवे सापेक्ष असल्याने फ्लॉपीवरून पाने जशीच्या तशी चालली.

त्या शिक्षकांनीच मला शिक्षकाचे पान आणि विद्यार्थ्याचे पान यांतला फरक शिकवला. विद्यार्थी पडद्यासमोर बसून काम करतो. शिक्षक पान छापतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि वर्गात फळ्याशेजारी उभा राहून वाचतो. माझी सुरुवातीची पाने गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत होती. ब्राउझर पार्श्वभूमी छापत नसत, त्यामुळे कागद कोरा निघे. पहिलीच्या वर्गात पुढच्या वाक्यासाठी कागदावर नजर टाकायला शिक्षकाला क्षणभरच मिळतो, म्हणून शिक्षकाचे पान एका ए-फोर कागदावर मावेल एवढे, काळ्या मोठ्या अक्षरांत, आणि ‘आता मुलांना उभे करा’, ‘आता हे वाक्य तीनदा म्हणा’ अशा क्रमाने लिहिले. पद्धतींची चर्चा त्यातून काढून वेगळ्या पानावर नेली.

जतन करण्याविषयी थोडक्यात. पुष्कळ शिक्षकांनी आपली पाने ‘जिओसिटीज’च्या फुकट जागेवर ठेवली होती. ती सेवा 1999 मध्ये याहूने घेतली आणि 2009 मध्ये बंद केली. ज्यांनी मूळ फाइली आपल्याजवळ ठेवल्या नव्हत्या त्यांचे काम, इंटरनेट आर्काइव्हने टिपलेला भाग सोडला तर, गेले. आपल्या फाइलींची एक प्रत आपल्या हाती आणि एक दुसऱ्या कुणाकडे असावी. दुसऱ्याचे स्वाध्याय घेताना परवानगी आणि लेखकाचे नाव दोन्ही घ्यावे, कारण पाठ्यपुस्तकातील उतारे जसेच्या तसे चढवलेली कितीतरी चांगली पाने पुढे काढून टाकावी लागली.

आपण विचारलेल्या शेवटच्या भागाचे उत्तर असे. आज वेगाची, टंकाची आणि फ्लॉपीची अडचण नाही. तयार साधनात तासाभरात स्वाध्याय उभा राहतो, आणि मुले तो मोबाइलवर सोडवतात. म्हणून आपला वेळ आपण वह्यांना द्या. एका इयत्तेच्या तीस वह्या घेऊन बसा आणि महिनाभर फक्त चुका टिपा: चूक, ती कोणत्या मराठी वाक्यातून आली, आणि किती मुलांनी केली. सर्वाधिक वेळा आलेल्या दहा चुका घ्या, प्रत्येकीसाठी एकच चूक तपासणारा एक प्रश्न लिहा, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायासाठी त्या मुलाशी बोलावे तशा दोन-तीन ओळी मराठीत लिहा. मग तो प्रश्न त्याच वर्गातल्या एका मुलाला द्या, त्याच्या मागे उभ्या राहा, आणि मदत न करता पाहा. स्पष्टीकरण वाचल्यावर त्याने विचार करून उत्तर बदलले की उरलेल्या पर्यायावर नुसते बोट ठेवले, हे आपल्याला तिथेच दिसेल. बोट ठेवले असेल तर त्या ओळी पुन्हा लिहा. प्रत्येक प्रश्नाखाली शिक्षकांसाठीच्या छापायच्या पानाचा दुवा द्या, म्हणजे ज्या वर्गात ती चूक अनेकांची आहे तिथे शिक्षकाला दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्यायचा पाठ हाताशी राहील. अशी दहा पाने तयार झाली की मला कळवा, मी ती आनंदाने वाचून पाहीन.